हिरव्यावर माघार

उतरायला दहा मिनिटं उरली की शर्वरी चौगुले शेजारच्या रिकाम्या खुर्चीशी बोलायची. "दोनशे फूट. तिथं दिवे दिसले तर उतरायचं. नाही दिसले तर काही न बोलता वर." एवढंच, पण मोठ्यानं, आणि खुर्चीकडे नीट मान वळवून. कंपनीतल्या पोरांनी त्या खुर्चीला 'बाईंचे यजमान' असं नाव पाडलं होतं. ते तिच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला आवडलंही होतं, कारण घरातले यजमान तिचं एवढं निमूट कधी ऐकून घेत नसत.

त्या दिवशी मात्र ऐकणारा आणखी एक जण निघाला. एकोणीस आसनांचं छोटं विमान, वैमानिकाच्या मागं नुसता पडदा, आणि पडद्यालगतच्या पहिल्या खुर्चीत नवऱ्या मुलाचे मामा गुलाबराव.

"काहो ताई, कोणासंग बोलून राहिल्या?"

"दुसऱ्या पायलटशी."

गुलाबरावांनी पडदा सारून डोकावून पाहिलं. "मले तं कोणी दिसून नाही राहिलं."

"मलाही नाही दिसत. दोन वर्षं झाली त्याला जाऊन."

गुलाबरावांनी पडदा होता तसा लावला आणि पट्टा आणखी एक वीत आवळला. शेजारी बसलेला नवरा मुलगा ओजस हसला आणि म्हणाला, "मामा, आत्यांना काम करू द्या."

आत्या म्हणजे नवरीची आत्या. शर्वरीचा थोरला भाऊ दौलत, त्याची एकुलती एक लेक केतकी, आणि तिचं लग्न आज सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी, कोल्हापूरच्या दक्षिणेला कुसरडे गावात. नवरा नागपूरचा. वऱ्हाड आणायचं कसं यावर दोन्हीकडच्या मंडळींनी महिनाभर चर्चा केली होती. शेवटी दौलतदादानं मांडीवर थाप मारून सांगितलं होतं, "माझी भन आनती की इमानातनं." आणि मग ते अख्ख्या पंचक्रोशीला सांगून झालं. पत्रिकेतसुद्धा 'वऱ्हाडाचे आगमन: नवरीची आत्या कॅप्टन सौ. शर्वरी यांच्या हस्ते' असं छापलं होतं. हस्ते हा शब्द तिथं बरोबर आहे का, असं तिनं विचारलं होतं. दादा म्हणाला, मग काय पायानं आणतीस का?

आता खाली कुसरडे असायला हवं होतं. होतं ते पांढरंशुभ्र धुकं. वर कोवळं ऊन आणि खाली क्षितिजापर्यंत कापूस पसरल्यासारखं सपाट सगळं. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठच्या त्या गावात हे रोजचंच होतं, म्हणून त्यात काळजी करण्यासारखं कुणाला काही वाटलं नाही. काळजी करायला कंदील होता.

कंदील म्हणजे काय, ते सांगायला हवं. धुकं हे जमिनीवर बसलेलं ढगाचंच भावंड. रात्री जमीन गार पडते, तिच्या अंगावरची ओली हवा गारठते आणि हवेतल्या वाफेचे बारीक थेंब होतात. हे थेंब सगळीकडे सारखे नसतात. कुठं दाट, कुठं विरळ, आणि क्षणाक्षणाला सरकत राहतात. माणसाला वरून ते एकसंध दिसतं, पण खालून त्याला सतत भोकं पडत असतात आणि बुजत असतात. पूर्वी वैमानिक धुक्यावर घिरट्या घालत बसायचे आणि कंटाळून परत जायचे. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की ही भोकं आधीच ओळखता आली तर?

धावपट्टीभोवतीच्या शेतांत चारशे खांब उभे राहिले. प्रत्येक खांब दर सेकंदाला एक किरण सोडतो, वाटेतले थेंब मोजतो, हवेचं तापमान घेतो आणि हे सगळं एका यंत्राला कळवतो. यंत्र त्यावरून पुढच्या पाच मिनिटांचं धुकं मांडतं. किती वाजून किती सेकंदांनी कुठं भोक पडेल आणि ते किती वेळ टिकेल, हे त्याला कळतं. त्या भोकाला सगळे खिडकी म्हणायचे. यंत्र विमानाला जरा हळू कर, जरा जोरात ये, असं सांगत बरोबर त्या खिडकीवर आणून सोडायचं. खिडकी नक्की असेल तर वैमानिकासमोर हिरवा दिवा लागायचा. यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं. कुसरड्याच्या लोकांनी त्याला कंदील म्हटलं आणि पुढे कंपनीच्या कागदांवरही कंदीलच आला.

तीन हिवाळे कंदील चुकला नव्हता. कुसरड्याच्या पूर्वेच्या टोकाशी तर रोज सकाळी अशी झकास खिडकी पडायची की तिच्यावर बंगळूरच्या दोन अभियंत्यांनी निबंध लिहिला होता. ओढ्याचं वळण आणि जमिनीचा उतार यांमुळे ती पडते, असं त्यात सिद्ध केलं होतं.

एवढं झाल्यावर दुसरा वैमानिक गेला, ते ओघानंच आलं. उरलेल्या एकाकडे एक बटण राहिलं, माघारीचं. ते दाबलं की विमान नाक वर करून पुन्हा आकाशात जातं. पण कंदील हिरवा असताना ते दाबलं तर त्याला कंपनीत 'हिरव्यावर माघार' म्हणत आणि वर्षात अशा तीन झाल्या की त्या वैमानिकाचं बटण काढून घेत. म्हणजे खुर्ची तुमची, गणवेश तुमचा, प्रवाशांना नमस्कार तुम्ही करायचा. उतरायचं की नाही हे कंदील ठरवणार.

शर्वरीच्या दोन झाल्या होत्या. पहिली धावपट्टीवर बगळे बसले म्हणून. दुसरी जिव्हारी लागली होती. दोनशे फुटांवर तिला पांढऱ्याशिवाय काही दिसेना, कंदील म्हणत होता सहा सेकंद थांबा, आणि ती वर गेली. नंतर विमानाच्या कॅमेऱ्यात सगळ्यांनी पाहिलं: बरोबर सहाव्या सेकंदाला धुकं फाटलं होतं आणि दिवे लख्ख दिसत होते. दादानंसुद्धा ते मोबाइलवर पाहिलं. "यंत्र म्हंतंय ये, तर तू वर का पळालीस? उगं घाबरतीस," तो म्हणाला होता.

तिला शिकवलं होतं कॅप्टन बर्जोर यांनी. त्यांचं म्हणणं एवढंच असायचं की निर्णय खाली चहा पिताना घ्यायचा, वर फक्त पाळायचा. दोनशे फुटांवर माणसाकडे विचार करायला दोन सेकंद असतात आणि त्या दोन सेकंदांत त्याला जे हवं असतं तेच खरं वाटतं. म्हणून आधी ठरवा, मोठ्यानं बोला आणि मग हात आपोआप चालू द्या. त्या काळी दुसरा वैमानिक बाहेर बघत असायचा आणि दिवे दिसले की "दिसतंय" म्हणायचा. तो शब्द कानावर पडला नाही तर वर जायचं. आता तो शब्द म्हणणारं कुणी नव्हतं.

तिनं विमान पूर्वेकडून वळवून धावपट्टीच्या रेषेत घेतलं. समोरच्या पांढऱ्या पसाऱ्याकडे बघताना तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घरातनं निघताना काहीतरी विसरलोय असं वाटतं, तसं. तिनं सगळे काटे पाहिले, चाकं पाहिली, वेग पाहिला. सगळं जागच्या जागी होतं.

"खिडकी अठ्ठ्याण्णव टक्के," कंदिलाचा सौम्य आवाज आला. "पुढे चला."

विमान धुक्यात शिरलं. काचेबाहेर दूध सांडल्यासारखं झालं. पाचशे फूट. चारशे. मागं वऱ्हाडातलं बोलणं आपोआप बंद पडलं. तीनशे. हिरवा दिवा स्थिर होता. अडीचशे.

दोनशे.

बाहेर पांढरं.

"सहा सेकंद," कंदील म्हणाला. "पुढे चला."

पुन्हा तेच सहा सेकंद. केतकी, मुहूर्त, पत्रिकेवरचं 'हस्ते', बटण, सगळं एकदम तिच्या छातीत आलं. पण ते डोक्यापर्यंत पोचायच्या आत तिच्या अंगठ्यानं बटण दाबलं होतं. विमानाचं नाक उचललं आणि थोड्या वेळानं खिडक्यांमधून ऊन आत आलं.

तिनं मनात मोजलं होतं. सहा झाले, दहा झाले, पंधरा झाले. खालच्या कॅमेऱ्यात पांढरंच होतं. खिडकी आलीच नव्हती.

पडद्याआडून आवाज आला, "ताई, गाव मांगं राहिलं का?"

"नाही मामा, गाव जाग्यावर आहे. आपण जरा वर आलोय." तिनं आवाज शक्य तितका घरगुती ठेवला. "दिसलं नाही म्हणून आले. चहा असता तर दिला असता."

लगेच पुण्याहून कंपनीचा माणूस रेडिओवर आला. केळकर नावाचा तरुण, अतिशय अदबीचा. "मॅडम, हिरव्यावर माघार आहे ही. तिसरी."

"माहीत आहे."

"कंदील अजून हिरवा आहे. या खेपेला नव्व्याण्णव म्हणतोय." तो घुटमळला. "एक सुचवू का? नियमात बसतं. तुमचं बटण मी इथूनच बंद ठेवतो. म्हणजे पुढचं सगळं कंदिलावर. तुमच्यावर काही येणार नाही, आणि लग्नही वेळेत लागेल. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे आज तुमच्या भाचीचं लग्न आहे ते."

तो मनापासून चांगुलपणानं बोलत होता, हेच अवघड होतं. शर्वरीला वाटलं, खरंच द्यावं सोडून. आपण हात मांडीवर ठेवून बसावं. उतरलो तर वाहवा, नाही तर दोष कंदिलाचा. पण धावपट्टी आखूड होती, तिच्या पूर्वेला ओढ्याचा काठ होता, आणि मागं सतरा माणसं होती. त्यांतला एक जण केतकीनं हट्टानं निवडलेला होता.

"मला पाच मिनिटं द्या," ती म्हणाली. "बटण राहू दे."

तिनं विमान एका बाजूला कलतं ठेवून घिरटी घेतली आणि खाली बघत राहिली. रोज इथं काय असतं? रोज वळताना मी कशाकडे बघते? धुकं, मग नदीची वाकडी रेघ, मग...

मग तिला कळलं आणि ती एकटीच खदखदून हसायला लागली. गुलाबरावांनी ओजसचा हात धरला.

धूर नव्हता. रोज सकाळी धुक्याच्या वर सात धूर आलेले असायचे, ओढ्याकाठच्या चौगुल्यांच्या सात गुऱ्हाळांचे. त्या धुरांच्या खुणेवर ती वळायची, इतकी वर्षं, आणि आपण तसं करतो हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. पहाटे सहाला भावकीतली, उसाचा रस आटवायच्या मोठ्या काहिलींखालची सातही चुलाणं पेटायची आणि उसाची वाळकी चिपाडं घालून भडकायची. ती धग ओढ्याच्या कडेनं सरकत धावपट्टीच्या पूर्वेच्या टोकाशी जायची. उबदार हवेत धुक्याचे थेंब टिकत नाहीत, ते विरून जातात. बंगळूरच्या अभियंत्यांची ती खिडकी ओढ्याच्या वळणानं पडत नव्हती. ती तिचे भाऊबंद पाडत होते, आणि निबंध लिहिताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"नामदेव," तिनं विमानतळाच्या मनोऱ्यावर बोलावलं. तिथं गावचाच नामदेव सुतार कामावर होता आणि लग्नाला जाता येत नाही म्हणून सकाळपासून कुरकुरत होता. "दादाला फोन लाव आणि माइकजवळ धर."

आधी सनई ऐकू आली, मग दादा. "आगं खाली ये की! वाजंत्री तटून बसल्यात. रोज येतीस, आन आजच काय झालं?"

"दादा, चुलाणं पेटवली न्हाईस?"

"खुळी का काय तू? लेकीचं लगीन हाय. आज कोन गूळ करतंय? सगळी भावकी मांडवात हाय. सातीच्या साती बंद."

"आन काहिली?"

"मसालेभाताला दिल्यात आचाऱ्याला. दोन हजार पान हाय."

"दादा, आपल्या गुऱ्हाळाजवळ कंपनीचा खांब हाय बघ. त्यो कुठं हाय आत्ता?"

"कुठं जातोय? हितंच हाय, आचाऱ्याच्या मांडवात. वर पत्रा घातलाय, भोवतीनं सात शेगड्या. फडकी वाळत घालायला बरा पडलाय त्यो."

पुण्याच्या बाजूला कुणीतरी खोकला दाबला. म्हणजे केळकर ऐकत होता. आता सगळं जुळत होतं. पत्र्याखाली कोंडलेली मसालेभाताची ऊब खांब प्रामाणिकपणे कळवत होता, आणि तीन हिवाळ्यांच्या अनुभवावरून कंदील तेवढ्याच प्रामाणिकपणे म्हणत होता की ओढ्याकाठ तापला, आता खिडकी पडणार. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

"दादा, चुलाणं पेटव."

"कोनची?"

"सगळी. सातीच्या साती. काहिली न्हाईत ते बरंच हाय, धग सरळ वर येईल. चिपाडं घाल, जेवढी हाईत तेवढी."

"आगं, मी नवरीचा बाप हाय. नवा सदरा घातलाय, फेटा बांधलाय..."

"दादा, तुझा जावई माझ्या मागं बसलाय. मला खाली दिसलं न्हाई तर मी त्याला बेळगावला घेऊन जानार. पावनेआठपर्यंत थांबते. तेवढंच इंधन हाय घिरट्या घालायला."

"यंत्र हिरवं हाय म्हंतोय नामदेव."

"माझ्या डोळ्याला दिसलं न्हाई दादा. मला दिसल्याबिगर मी येत नसते. तू काय बी म्हन."

फोनवर नुसती सनई वाजत राहिली. मग दादाचा आवाज आला, पण तो तिच्याशी बोलत नव्हता. "ए बाळू, ए सर्जेराव, वाजवायचं बंद करा! समदी चुलाणावर चला. आरं, नवरदेव वर अडकलाय!"

शर्वरीनं पडदा बाजूला केला आणि वऱ्हाडाला सगळं सरळ सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. खाली दिसत नाही. सासरेबुवा चुलाणं पेटवायला गेलेत. पावणेआठपर्यंत जमलं तर उतरू. नाही तर बेळगाव, तिथून गाडीनं अडीच तास, आणि मुहूर्त टळणार.

सगळ्यांनी ओजसकडे पाहिलं. त्यानं मुंडावळ्या अजून बांधल्या नव्हत्या, हातातच धरल्या होत्या. "टळला तर टळला, आत्या," तो म्हणाला. "दुपारचा बघतील एखादा. केतकी मला म्हणाली होती, आत्या म्हणतील तसं ऐक."

"अन् मसालेभात?" गुलाबरावांनी विचारलं, आणि मागचं सगळं वऱ्हाड हसलं.

मग ते वाट बघू लागले. विमान उन्हात संथ घिरट्या घालत होतं आणि सतरा माणसं डावीकडच्या खिडक्यांना नाक लावून खाली बघत होती. सात वाजून बावीस. काही नाही. चोवीस. काही नाही. सव्विसाव्या मिनिटाला मागून एक बाई म्हणाली, "तो पाहा, तो एक."

पांढऱ्या सपाटीतून एक करडा कोंब वर आला होता. बघता बघता तो उंच झाला. त्याच्या शेजारी दुसरा आला, मग तिसरा. आता सगळं वऱ्हाड मोठ्यानं मोजायला लागलं. चार. पाच बराच वेळ आला नाही, मग पाच आणि सहा जोडीनंच आले. सातवा येईना. सातवं चुलाण दादाचं स्वतःचं, हे शर्वरीला माहीत होतं. दादा आधी दुसऱ्यांची पेटवत फिरला असणार, तिला ते न पाहताही दिसत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं येऊ दिलं, कारण अजून वेळ होता.

सात वाजून तेहेतीस मिनिटांनी सातवा धूर आला. सगळ्यांत जाड आणि काळाभोर. वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. पण शर्वरी धुरांकडे बघत नव्हती, ती त्यांच्या पलीकडे बघत होती. पूर्वेच्या टोकाशी धुक्याचा पृष्ठभाग जरा दबल्यासारखा वाटत होता. की तिला तसं वाटावंसं वाटत होतं? हे इथून ठरवायचं नव्हतं. ते दोनशे फुटांवर ठरणार होतं.

ती खुर्चीकडे वळली. "दोनशे फूट. दिवे दिसले तर उतरायचं. नाही दिसले तर काही न बोलता वर, आणि तिथून सरळ बेळगाव."

पडदा या वेळी उघडाच राहिला होता.

"खिडकी अठ्ठ्याण्णव टक्के," कंदील म्हणाला. "पुढे चला." मघाशीही तो हेच म्हणाला होता, ह्याच सुरात. त्याच्या लेखी दोन्ही खेपा सारख्याच होत्या.

पाचशे. चारशे. काचेवर पांढरं. तीनशे. धुराचा वास आत आला, चिपाडाचा गोडसर, तिच्या लहानपणीचा. अडीचशे. पांढरं. तिचा अंगठा बटणावर टेकला होता. दोनशे चाळीस. पांढऱ्याला राखी छटा आली. दोनशे तीस. खाली उसाचे तुरे सरकून गेले आणि समोर, सरळ रेषेत, पिवळ्या दिव्यांची माळ उजळली.

"दिसून राहिलं," मागून गुलाबराव म्हणाले. "ताई, दिवे दिसून राहिले."

दोन वर्षांनी तो शब्द तिच्या उजव्या कानाच्या मागून आला होता. शर्वरीनं अंगठा बटणावरून उचलला.

"दिसतंय," ती म्हणाली, आणि विमान टेकवलं.

मुहूर्ताला अजून सव्वा तास होता. धावपट्टीच्या कुंपणापाशी दादा उभा होता. सदरा आता पांढरा म्हणवत नव्हता, फेट्याचा शेमला जळून आखूड झाला होता, आणि भुवया होत्या की नव्हत्या हे काजळीमुळं कळत नव्हतं. ओजस पाया पडायला वाकला, तर दादानं त्याला दोन्ही हातांनी धरून उठवलं आणि नवरदेवाच्या दोन्ही खांद्यांवर काळे पंजे उमटले. ते तसेच राहिले. लग्नाच्या एकूण एक फोटोत आहेत. केतकी ते कुणालाही पुसू देत नव्हती.

बहिणीला जवळ घेण्याआधी दादा थोडा अडखळला. "शरू," तो म्हणाला, "पयल्या खेपंला तू खाली आली असतीस तर?"

"आले न्हाई ना."

"ते न्हवं. आली असतीस तर?"

तिनं ओढ्याच्या काठाकडे बोट दाखवलं. धावपट्टी जिथं सुरू होते त्याच्या अलीकडे काळा खडक वर आलेला होता. दादानं तिकडं बराच वेळ पाहिलं, मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या केसांना काजळी लागली. तशीच ती मांडवात गेली, आणि अक्षता टाकताना सगळ्यांत मोठ्यानं ओरडली.

मसालेभाताच्या दुसऱ्या वाढपाला केळकरचा फोन आला. तो फार गंभीर होता. तिसऱ्या माघारीचा अर्ज भरायचा होता. त्यात कारणांची यादी होती, त्यातलं एक निवडायचं होतं: पक्षी, जनावर, वारा, यंत्रातला बिघाड, वैमानिकाची प्रकृती. "यातलं एकही बसत नाही, मॅडम. 'इतर' असा एक रकाना आहे. काय लिहू?"

"लिहा, भावानं चुलाण पेटवलं नव्हतं."

केळकरनं ते अक्षर न अक्षर तसंच लिहिलं. तो अर्ज पुणे, मुंबई करत बंगळूरला गेला. तिथले ते दोघे अभियंते पुढच्याच आठवड्यात कुसरड्याला आले, ओढ्याच्या वळणाकडे ढुंकूनही न बघता सात गुऱ्हाळं हिंडले, काकवी प्याले, आणि दादानं त्यांना प्रत्येकी एक ढेप बांधून दिली. तिसरी माघार पुसली गेली. बटण शर्वरीकडेच राहिलं. शिवाय कंदील तीन हिवाळ्यांत कुणाच्या चुलाणांवर चालत होता हे उघड झाल्यावर कंपनीनं दोन गोष्टी केल्या. हिरव्यावरच्या माघारी मोजणं बंद केलं, आणि कुसरड्याच्या कंदिलात एक नवा रकाना घातला.

तो रकाना भरायला यंत्र नाही. रोज सकाळी साडेसहाला, पहिलं विमान उतरायच्या आधी, नामदेव सुतार दौलत चौगुल्यांना फोन करतो आणि विचारतो, चुलाण पेटलं का. दादा हो किंवा नाही सांगतो, आणि नामदेव ते टिपून घेतो.

नवा रकाना आल्यानंतरच्या पहिल्या सोमवारीही त्यानं असाच फोन केला. धुकं आदल्या दिवसापेक्षा दाट होतं.

"पेटलंय," दादा म्हणाला. "सातीच्या साती. मी सोता बघून आलोय." मग फोन ठेवता ठेवता तो थांबला. "नामदेवा, शरूच हाय न्हवं आज? तिला माझा निरोप सांग. म्हनावं, यंत्र काय बी म्हनू दे, मी बी काय बी म्हनू दे. तुला दिसलं तर ये. न्हाय दिसलं तर खुशाल मागारी जा. भाकरी झाकून ठेवतो."

नामदेवनं तो निरोप शब्दशः वर कळवला. तेव्हा शर्वरी कुसरड्यापासून ऐंशी किलोमीटरवर होती. तिनं तो ऐकला, आणि थोड्या वेळानं शेजारच्या रिकाम्या खुर्चीला पुन्हा एकदा मोठ्यानं ऐकवला.